तार तुटली तेव्हा

पूर्वी लंडनचा हुकूम जहाजातून यायचा,
तीन आठवड्यांनी, खाऱ्या हवेत दमटलेला.
तोवर टेकडी घेतलेली असायची, किंवा गमावलेली,
आणि जनरलसाहेब लखोटा न फोडताच
मेणबत्तीखाली सरकवायचे.

मग काळ्या समुद्राच्या तळाशी केबल पडली.
आता मंत्रिमहोदय न्याहारीआधीच विचारतात:
मेले किती? बूट पोचले का?
माझ्या भाच्याचा खोकला कसा आहे?
सुई थरथरते. मी, सायलस पेनहॅलो, अक्षरं वेचतो,
चिखल तुडवत तंबूपर्यंत नेतो.
कागदागणिक म्हातारा
नकाशावरचा हात बोटभर मागे घेतो.

डिसेंबरात वादळानं तार तुटली.
चार दिवस लंडन मुकं.
साहेबांनी दाढी केली, खंदकात उतरून
पोरांची नावं विचारली,
स्वतःच्या तोंडानं एक हुकूम दिला.
चुकलाच बहुतेक. एकोणीस जण गेले.
त्या रात्री तंबूत दिवा जळत राहिला;
कळवायचं तरी कुणाला?

पाचव्या पहाटे सुई हलली.
मेले किती?
मी कागद खिशात घातला,
चहाला आधण ठेवलं.
पाणी उकळेपर्यंत तरी
ते एकोणीस जण आमचेच होते.