दोन दर

बेथेस्डाच्या वरच्या अंगाला
पाटीच्या दगडाची नवी खाण काढायची होती.
ह्यूने कागद माझ्यापुढे सरकवला:
पहिल्या वर्षी शंभर लाख पौंड जातील,
दुसऱ्या वर्षी दोनशे पंचेचाळीस येतील,
तिसऱ्या वर्षी एकशे सत्तेचाळीस जातील,
खड्डा बुजवायला, ओढा पुन्हा वळवायला,
वर गवत पेरायला.

बोटांवर मोजलं तर दोन लाखांची खोट.

एक्सेलला विचारलं, दर किती?
म्हणजे असा दर, की ज्याने सगळं
आजच्या भावात आणलं की
येणं-जाणं फिटून पाटी कोरी व्हावी.
म्हणाला, पाच टक्के.
अंदाजाच्या चौकटीत पन्नास घालून
पुन्हा विचारलं.
म्हणाला, चाळीस.

हाताने ताळा केला.
दोन्हींना शून्यच येतं.

ह्यूने चाळीसभोवती गोल काढला.
"बैठकीत हाच."

हिशेबखात्यात तीस वर्षं काढलेली एअरलिस
चहाचा कप खिडकीत ठेवत म्हणाली,
"पैसा एकदाच दिशा बदलत असेल
तर या आकड्याचं ऐकावं.
इथे तो आला, आणि उठून परत निघाला."

बाहेर जुन्या खाणीचा ढिगारा,
ओला, जांभळट.
त्याच्या हिशेबात तिसरं वर्ष
कुणी मांडलंच नव्हतं.
काय देखणा दर निघाला असेल त्याचा!

अहवालात मी दोन्ही लिहिले,
आणि तळाशी, ठळक, उणे दोन.
प्रिंटरने तो समासात अर्धा कापला.
दुसरी प्रत काढली.