तडकाफडकी

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकवीस वर्षं
नोटा मोजल्या निकुंभांनी
आणि एका मंगळवारी, डबाही न उघडता,
राजीनामा.
'तडकाफडकी,' कॉलनी म्हणाली.
मीही म्हणाले.

मग शब्दच टोचत राहिला.
तडक कळतं. फडकी कुणाची?
कोशानं हात हलवत परत पाठवलं.

ओझरच्या पुढे मावसभावाची बाग,
रात्री अवकाळी सर येऊन गेलेली.
घडाला हात न लावता तो म्हणाला, 'ऐक.'
तट्.
पानांआड एक मणी तडकला.
'आत्ता?'
'छे! मुळं परवापासून पितायत.
साल आत्ता बोलली.'

(फडकीचं त्यालाही ठाऊक नव्हतं.
असेल, म्हणाला,
फुटल्या मण्यावर येणाऱ्या पाखरांची.)

निकुंभ हल्ली सकाळी गंगेवर बसतात,
भांडी घासणाऱ्या बायांपासून जरा लांब.
विचारलं एकदा, 'काका, ठरलं कधी?'
त्यांनी जिभेला बोट लावलं,
हवेतलं एक पान उलटलं,
'पहिल्याच बंडलाला.'

मग चहावाल्याला द्यायला
माझ्याकडे सुटे मागितले.