थर्ड डिव्हिजन

एक सप्टेंबर रात्री बारालाच उजाडतो
हे मला या घरात कळलं.
त्या मिनिटापासून कोच लोकांना मुभा,
अकरावीतल्या पोरींना फोन करायची.
शाल्मली जेवणाच्या टेबलाशी, फोन समोर उताणा.
अनघानं धुतलेलीच भांडी पुन्हा विसळायला घेतली.
केटन्सव्हिलच्या आमच्या झोपलेल्या गल्लीत
मी कचऱ्याचा डबा दोनदा बाहेर ठेवून आलो.
बारा-चार. बारा-वीस.
शेजारच्या मॅकेन्नाला अकरा मेसेज आले होते,
तिनंच कळवलं, खाली बदामासकट.

वाजला, पण गुरुवारी.
मोठं विद्यापीठ, टीव्हीवर सामने दिसतात ते.
बघायला गेलो तर प्रत्येक लॉकरला दिवा,
ओले बूट वाळवायचं वेगळं यंत्र.
कोच गोड बोलल्या: जागा आहे,
पहिली दोन वर्षं मात्र शिकायचं, बघायचं.
संघात अडतीस मुली. मैदानात बारा.
मी मनात वजाबाकी केली.
सव्वीस जणी कडेला उभ्या होत्या,
गणवेश एकदम कोरे.

परतताना मीच म्हणालो, नाव तर मोठं आहे.
मागच्या सीटवरून उत्तर नाही.
नुसता काठीच्या जाळीची गाठ
सोडल्याचा, पुन्हा आवळल्याचा आवाज,
थेट टोलनाक्यापर्यंत.

मग नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनिया.
सस्क्वेहानाच्या काठी गाव एवढंसं,
एक सिग्नल, एक न्हावी, एक कॉलेज.
कोच डोम्ब्रॉव्स्की बाई स्वतःच गोलपोस्ट ओढत होत्या,
पोटऱ्यांपर्यंत चिखल. मला म्हणाल्या, जरा धरता?
मी धरला. माझे ऑफिसचे बूट गेले.
शिष्यवृत्ती? काठीला इथे एक डॉलर नाही,
मार्कांना आहे, त्या म्हणाल्या.
मग शाल्मलीकडे वळून:
तुझे गोल नाही पाहिले मी फारसे.
चेंडू हातातून गेला की
सगळ्यात आधी मागे धावतेस, ते पाहिलं.
मंगळवारी दुपारी भूगर्भशास्त्राची लॅब असते,
त्या दिवशी सराव उशिरा ठेवतो आम्ही.

पोरीनं काठी या हातातून त्या हातात घेतली.
एवढंच. पण मी सतरा वर्षं बघतोय तिला.

मिरजेला दादाला फोन केला.
थर्ड डिव्हिजन? तो म्हणाला. अरे, हुशार होती ना?
मी समजावायला लागलो, इथे डिव्हिजनचा अर्थ,
आणि जीभ अडखळली.
एकोणनव्वद साली माझा फर्स्ट क्लास
दोन मार्कांनी हुकला.
बाबांनी पेढ्यांचा पुडा दोरीसकट फडताळात सरकवला,
कुणी उघडला नाही.
शेवटी मुंग्यांनी साजरा केला माझा निकाल.
दादाला म्हटलं, हो, तिसरीच.
आणि खेळणार आहे ती.
तिकडे बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या.

मोठ्या विद्यापीठाला तिनं स्वतः फोन केला,
जिन्यावर बसून, दार लोटून.
नाही म्हणताना आवाज फुटला,
थँक्यू म्हणताना परत सापडला.
बाहेर आली तेव्हा डोळे लाल.
मी विचारलं, नक्की ना?
म्हणाली, नक्की कुठे असतं काही, बाबा.
मला धावायचंय.

रूट फोर्टीवरच्या दुकानातून पेढे आणले होते मी,
निकालाआधीच, गाडीत लपवून.
गॅरेजपाशी ती भिंतीवर चेंडू मारत होती,
धप्, झेल, धप्, झेल.
पुडा तिच्यासमोर उघडला. दोरी कापली नाही, सोडवली.
दातानंच एक हातमोजा ओढून काढून
तिनं अर्धा पेढा तोंडात टाकला, अर्धा माझ्या हातावर ठेवला,
खूप गोड आहे, म्हणाली,
आणि वळली.
डाव्या हाताचे शंभर अजून बाकी होते.