सदतीस अंशांवर

बाबा एकतीस वर्षं लक्ष्मी रस्त्यावर
गुगळ्यांच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालत.
गिऱ्हाईक उठून गेलं की गादीवर डोंगर,
आणि बाबा बोलता बोलता
काठाला काठ, पदर आत, तळहाताची एक इस्त्री.
कधी खाली पाहिलं नाही.

मी पाषाणला, तळघरातल्या प्रयोगशाळेत,
एका प्रथिनाची घडी कशी चुकते ते पाहते.
त्याचं पूर्ण नाव घरी सांगून उपयोग नाही.
आई म्हणते, तुझं ते अल्फा,
जणू माझ्या वर्गातलं एखादं उनाड कार्टं.

तसं ते उनाडच. त्याला मुळात घडीच नसते,
सुटं असतं, गाठ न मारलेल्या दोऱ्यासारखं,
आणि तसंच असलेलं बरं.
एखादंच कधी भलतीकडे दुमडतं,
मग शेजारच्याला दुमडायला शिकवतं, ते पुढच्याला.
आईला एवढं सगळं एका शब्दात कळलं:
विरजण.
मी तीन वर्षं प्रबंधात हेच लिहितेय.

सदतीस अंशांवर, हलत्या तबकडीत,
इवल्या खळग्यांतून ते मी रात्रभर लावते.
सकाळी हिरवा उजेड आला की प्रयोग साधला.
सर म्हणतात, छान.
मीही वहीत लिहिते, छान.
घरी बाबांचा अंगठा तर्जनीवर
नसलेल्या नोटा मोजत असतो.

गेल्या रविवारी त्यांनी मला ओळखलं नाही.
म्हणजे ओळखलं, पण गिऱ्हाईक म्हणून.
"या ताई. घरात कार्य आहे का? किती बजेटमध्ये दाखवू?"
मी म्हटलं, पाच हजारांपर्यंत.
त्यांनी सोफ्यावरची सोलापुरी चादर उलगडली,
खांद्यावर टाकून पदर दाखवला.
"रंगाची गॅरंटी."
मग घडी घालायला घेतली.
काठाला काठ आला. पदर आत गेला.
तिसऱ्या दुमडीला हात अडले.
उलगडली. पुन्हा तिथेच.
पुन्हा.

मला येते ती तिसरी दुमड.
दिवाळीच्या गर्दीत मदतीला बसवून
त्यांनीच शिकवली होती, मी सहावीत होते.
पण गिऱ्हाइकाने घडीला हात लावायचा नसतो.

राहू द्या, म्हटलं, हीच द्या.
"अशी?"
अशीच.

"बरं. चांगला दिवस बघून घडी मोडा,"
म्हणाले, आणि पिशवी शोधू लागले,
उशीखाली, टीव्हीमागे,
माझ्या ओढणीच्या टोकाशी.