समासातल्या नोंदी

सूसामीरच्या खिंडीवर, सरकारी वहीत
रकाने चारच : तारीख, बर्फ, डिझेल, रस्ता.
शेवटच्या रकान्यात दोनच शब्द चालतात,
खुला. बंद.
अकरा हिवाळे मी तेच लिहीत आले.
बंद लिहिलं की बिश्केकहून फोन वाजतो,
खुला लिहिलं की कुणी काही विचारत नाही.

आम्ही सात जण. बर्फ लोटायच्या दोन गाड्या,
त्यातली एक माझ्याहून वर्षभराने मोठी,
आणि एक कुत्री, जिचं नाव पगारपत्रकात नाही.

माझ्या आधीचा मुकादम, इसाबेक-आके, म्हणायचा :
चालल्याबद्दल घोड्याला साखर दिलीस
तर उभं राहण्याचीही मागेल.
मी ते खरं धरलं.
घोडा पाळला नव्हता कधी, तरीही.

जानेवारीत एकदा पहाटे चारला जाग आली
तर गाडीखान्यात उजेड.
एर्निस, वय एकोणीस,
ज्याला मी "हळू" याशिवाय काही म्हटल्याचं आठवत नाही,
गाडीच्या पोटाखाली आडवा,
हातात स्टोव्हची ज्योत धरून
गोठलेल्या तेलाला ऊब देत होता
आणि गाडीशी बोलत होता,
अडलेल्या मेंढीशी बोलावं तसं.
बाहेर उणे चौतीस.
सहाला गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली.
मी वहीत लिहिलं : खुला.

लिहिलं, आणि पेन तिथंच अडलं.
रस्ता काय आपोआप खुलतो,
वाऱ्याने दार उघडावं तसा?
शाळेत बाई सांगायच्या, डावीकडे समास सोडा.
कशासाठी, ते कधी सांगितलं नाही.
मी त्यात बारीक अक्षरात लिहिलं :
एर्निस. दोन तास. तेल.

मग सवयच लागली.
तिसऱ्या वळणावर जिपारने गाडी थांबवली
कारण वारा एकाएकी पडला होता.
मी रेडिओवर ओरडले, उशीर होतोय.
पाऊण तासाने वरचा उतार खाली आला,
पुढच्या वळणावर, जिथे ती असायची.
समासात : जिपार. न आलेला आवाज ऐकला.

आणि कुबात! भांडकुदळ,
ज्याची तक्रार मी दोनदा वर पाठवलेली.
अडकलेल्या ट्रकवाल्याला स्वतःचे कोरडे मोजे देऊन
ओल्या बुटांत त्याने पुढचे नऊ किलोमीटर बर्फ लोटला
आणि परत येऊन माझ्याशी मिठावरून भांडला.
समासात : कुबात. मोजे.
(मिठाचं त्याचंच बरोबर होतं.)

तोंडाने मात्र बोलता येईना.
कितीदा ओठांशी आलं,
आणि बाहेर पडलं ते, "फावडी जागेवर ठेवा."

मार्चमध्ये तपासनीस आला.
शेगडीजवळ बसून वही चाळली,
एका पानावर बोट ठेवलं, चष्मा वर केला :
"सायकाल-एजे, हे काय?"
आणि वाचत गेला, मोठ्याने, फिर्याद वाचावी तशा आवाजात :
एर्निस, दोन तास, तेल. जिपार, न आलेला आवाज.
"कुबात, मोजे? मोजे कुठल्या रकान्यात येतात?"

सगळे तिथेच होते, बूट वाळवत.
एर्निसने स्वतःच्या हातांकडे पाहिलं,
दुसऱ्या कुणाचे असावेत तसं.
जिपार खिडकीशी गेली, जिथून काहीच दिसत नाही.
कुबातने भरलेल्या शेगडीत आणखी कोळसा कोंबला
आणि धूर झाला म्हणून धुरालाच शिव्या दिल्या.

"खुला या रकान्यात," मी म्हटलं.
त्याने लाल रेघ मारली. त्याचं काम त्याने केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे
माझ्या चहात साखर दुप्पट होती.
कुणी घातली, विचारलं नाही.
त्या तारखेला रस्ता बंदच होता.
समासात एका नावापुरती जागा
मी कोरी ठेवली आहे.