डावा मागचा दरवाजा

नंबर आता माझ्याकडे येत नाहीत.
ते येतात वरूनच, ठसा मारलेले,
एकदा ठोकले की न निघणाऱ्या खिळ्यांसकट.
एकोणीस मी डोळे मिटून काढायचो,
नवाच्या शेपटीला जरासा माज ठेवून.
आता सगळ्या गाड्यांचा नऊ सारखाच,
शाळेतल्या पोरासारखा हाताची घडी घातलेला.

माझ्याकडे उरली नावं.
आईचं, कुळदेवीचं, धाकट्या पोरीचं.
बँकेचं नाव काचेवर कोणी लिहून घेत नाही,
पाच वर्षं गाडी तिचीच असली तरी.

पारोळ्याच्या नाक्यावर बसलं की गाव मोजता येतं.
मी लहान होतो तेव्हा गल्लीत एक राजदूत.
ती चालू झाली की कुत्री उठून बसायची.
आता जुबेर मण्यारच्या बोळात शिरायचं तर
आरसे चुकवत आडवं व्हावं लागतं.
घराला दार नाही, गोणपाट आहे;
बुलेटला मात्र चादर, तीही बाजारातून मापानं शिवलेली.

दसऱ्याला शेवंताबाई आली, छोटा हत्ती घेऊन,
चाकाखालचं लिंबू अजून ओलं.
'गाडी लिधी, सुकलालभाऊ, नाव टाकी द्या.'
'कोनं टाकू?'
'मन्हं.'
तीस वर्षांत बाईनं स्वतःचं सांगितलेलं ते पहिलं.
अनुस्वार मी लिंबाएवढा काढला,
पैसे कमी घेतले नाहीत.
ती तशी बाई नाही.

एका गाडीच्या मागं किती जण लोंबकळतो आम्ही :
पंक्चरवाला, सीटकव्हरवाला, विम्याचा पोरगा,
स्पीकर बसवणारा भैरू, मिरची ओवणारी त्याची सासू.
चाकणला एक शिफ्ट बंद पडली
की इथं चहाची उधारी वाढते.
चाकण कुणीच पाहिलेलं नाही.

माझा भटू सोडून.
तो तिथं डाव्या मागच्या दरवाजाचं रबर बसवतो.
फक्त डाव्या. फक्त मागच्या.
पंचावन्न सेकंदांना एक.
अंगठ्यानं दाबत जायचं, कोपऱ्यात जास्त,
नाहीतर पाणी शिरतं.
पोळ्याला घरी आला होता,
ताटात अंगठा भाकरीची कड दाबत बसलेला.

तेव्हापासून नवी गाडी दुकानापुढं लागली
की मी आधी तो दरवाजा लावून बघतो.
ठप.
गिऱ्हाईक विचारतं, काय बघता?
मी म्हणतो, नाव कुठं टाकायचं ते.
हायवेवरून लांब ट्रेलर जातो, पोटात आठ-आठ गाड्या,
तेव्हा ब्रश आपोआप थांबतो.
त्यातली एखादी त्याच्या हाताखालून गेली असेल,
आणि तो ज्या एसटीनं येतो
तिचं दार सुतळीनं बांधलेलं.

परवा रात्री दीडला आला. बॅग मोठी.
'सुट्टी शे का?'
'नही बा. ब्रेक दिधा.'
गाडीत असतो तोच शब्द. मला आधी कळलाच नाही.
सात महिने झाले की देतात, म्हणाला,
मग परत बोलावतात. बहुतेक बोलावतात.

सकाळी टोळीहून एक कार आली,
सीटवरचं प्लास्टिक तसंच.
मी डावा मागचा दरवाजा उघडला, लावला.
ठप.
तसाच.
अगदी तसाच.
भटू बाकावर बसून चहा पीत होता,
त्यानं मान वर केली नाही.
कारवाला म्हणाला, लवकर करा, जेवण आहे घरी.

मी काचेवर खडूची रेघ मारायला सूत काढलं.
'धर,' म्हटलं.
त्यानं धरलं, अंगठ्यानं,
कोपऱ्यात जरा जास्त दाबून.