खिळा

बँकेच्या लॉकरात ठेवली होती मी हार्डडिस्क,
पाटल्यांच्या शेजारी, मलमलीच्या फडक्यात.
वर्षाचं भाडं वेळेवर भरत होते.
माहीमची खारी हवा तिथवर पोचणार नाही
असं धरून चालले होते.

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या दुकानात
फैझानने ती कानाशी धरली,
कलिंगडवाला धरतो तशी.
टक्. टक्. टक्.
"काकी, बंद पेटीतसुद्धा मरते ही."

अकराशे बारा फायलींतल्या चारशे वाचल्या.
गेल्या त्यात अलिबाग होतं,
नणंदेच्या साखरपुड्यातलं भांडण होतं,
आणि मुकुंदचा बिनचष्म्याचा एकुलता एक फोटो.

"आता वर टाका," तो म्हणाला.
मी नकळत छताकडे पाहिलं:
जळमटं, आणि त्याच्या भावाचा फाटका पतंग.
वर म्हणजे वर नाही हो, तो हसला,
कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या मशिनीत.
एक प्रत इथे, एक तिथे, एक भलतीकडेच.
एक जागा बुडाली तरी दोन उरतात.

हे मात्र लगेच पटलं.
माझी आई पैसे असेच ठेवायची:
थोडे तांदळाच्या डब्यात, थोडे दत्ताच्या तसबिरीमागे,
आणि बरेचसे शेजारच्या फर्नांडिसबाईंकडे,
ज्यांच्याशी ती वर्षातले आठ महिने बोलत नसे.

रात्रभर चढत राहिल्या फायली.
मी पंखा बंद ठेवला, का ते विचारू नका.
साडेतीनला एक टक्का उरला आणि तिथेच अडला.
मी उठून धुतलेलंच पोळपाट पुन्हा धुतलं.

मग पासवर्ड. मग एक रकाना:
तुमच्यानंतर हे कोण उघडेल?
रेघ लुकलुकत राहिली,
वसुलीचा माणूस दारात पाय बदलत उभा राहावा तशी.
नणंदेचं नाव टाकलं. खोडलं.
पाणी प्यायले. पुन्हा टाकलं.

अडलेली फाईल कुठली ते सकाळी दिसलं.
चौदा सेकंदांची, चुकून बटण दाबलं गेलेली.
कुकरची शिट्टी, चपला,
आणि मुकुंद, घाईत:
"अगं, चावी कुठंय?"
आणि आतल्या खोलीतून मी, वैतागलेली,
माझ्यापेक्षा कितीतरी लहान:
"तिथंच की. खिळ्याला."